गुडघ्याची क्रीम आणि नळाची हाक

उमरीकरांच्या घरात दिवस नळाने उजाडतो. सूर्य आपल्या सोयीने मागून येतो. नांदेडातल्या त्यांच्या कॉलनीत पाणी एक दिवसाआड येईल की तीन दिवसांनी, अंधारात येईल की चांगलं फटफटल्यावर, याचा काही नेम नसतो. त्यामुळे प्रत्येक घरी पाण्याची चाहूल घेणारं एक माणूस लागतं. उमरीकरांकडे ते माणूस म्हणजे रेणुकादासराव. हायस्कूलचे हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, विषय विज्ञान. झोप इतकी सावध की फाटकाजवळच्या खड्ड्यातल्या नळात नुसती हवा शिरली तरी यांचे डोळे उघडत. डोळे उघडले की ते हाक मारत, "अगं, नळ आला!" आणि कूस बदलून पुन्हा झोपत. हाक मारणं त्यांचं काम, उठणं सौदामिनीबाईंचं. संसारात कामाची अशी बरोबरीची वाटणी असली की भांडणं होत नाहीत.

सौदामिनीबाई उठत. खड्ड्यात वाकून तोटी फिरवायची, पहिलं गढूळ पाणी जास्वंदीला सोडायचं, मग पाइप हौदात टाकायचा, मधेच पिण्याच्या पाण्याच्या घागरी फडक्याने गाळून भरून घ्यायच्या, आणि हे सगळं वरच्या अंगाच्या घरांनी तोट्या उघडून धार करंगळीएवढी करायच्या आत. हौद भरला की मोटर लावून गच्चीवरची टाकी. तेवढ्यात दूधवाला येई, आणि मग पुन्हा आडवं होण्यात अर्थ उरत नसे. लग्न होऊन आल्यापासून हे असंच. गुडघे त्या खड्ड्याने खाल्ले, असं त्या म्हणत. रेणुकादासराव म्हणत, वय झालं की व्हायचंच. दोघांचं वय जवळपास सारखंच होतं, आणि रेणुकादासरावांचे गुडघे उत्तम होते.

त्या सकाळी मात्र घरात सामसूम होती. आदल्या संध्याकाळी दोघं लातूरहून भाचीचं लग्न आटोपून परतली होती. लग्नघरात सौदामिनीबाई मावशी, म्हणजे रुखवतापासून पाठवणीपर्यंत पायाला भिंगरी. रेणुकादासराव मानाचे पाहुणे, म्हणजे बसून बसून थकलेले. त्यांचा तो सावध कानही त्या दिवशी रजेवर गेला होता. उन्हाची तिरीप भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत आली आणि दार वाजलं. साधं वाजलं नाही. कडी, मूठ आणि बांगड्या, तिन्ही मिळून वाजलं.

"काकू! ओ काकू! नळ जायच्या बेतात हाय की! पाइप कुठं हाय तुमचा? झोपल्यात का काय अजून?"

ही राजश्री, समोरच्या घरातली. माहेर अर्धापूरचं, आवाज केळीच्या बागेत या बांधावरून त्या बांधाला पोचेल असा.

सौदामिनीबाईंनी दार वाजलेलं ऐकलं, पण झोपेतच. आता हाक येईल, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या डोळे मिटून हाकेची वाट बघत राहिल्या. हाक आली नाही. का बरं आली नसेल, असा विचार करता करता त्यांना पुन्हा झोप लागली.

हाक का आली नाही, हे त्यांना नंतर थोडं राजश्रीकडून, थोडं मुलाकडून आणि उरलेलं वऱ्हांड्यातल्या चिखलाच्या पावलांवरून कळलं.

झालं होतं असं. रेणुकादासरावांनी दार उघडलं, राजश्रीला "हाव हाव, आलोच" म्हटलं आणि नेहमीसारखी हाक मारायला ते आत आले. बघतात तर बायको शांत झोपलेली. तोंड किंचित उघडं, कपाळावर एक आठी नाही. असा चेहरा त्यांनी फार वर्षांत पाहिला नव्हता, त्यामुळे ते आधी घाबरले. श्वास चालू आहे याची खात्री केल्यावर त्यांची नजर उशाच्या स्टुलावर गेली. तिथे एक हिरवी ट्यूब होती. चष्मा लावून त्यांनी ती वाचली. 'विजया अर्कयुक्त. सांधेदुखीवर बाहेरून लावण्यासाठी.' वर पान छापलेलं, हाताच्या पंजासारखं पसरलेलं.

ते पान रेणुकादासरावांनी ओळखलं आणि मारायला घेतलेली हाक तोंडातच गिळली.

याला उमरीकर घराण्यात इतिहास आहे. यांचे चुलतभाऊ हणमंतराव, उमरीला असत. ऐन तरुणपणी एका महाशिवरात्रीला देवळामागे कुणीतरी त्यांना थंडाई म्हणून भांग पाजली. हणमंतराव लिंबाखाली आडवे झाले ते उठेचनात. थोरल्या भावाने गदागदा हलवून, कानाशी ओरडून, तोंडावर तांब्या रिकामा करून त्यांना उठवलं. उठले, पण पुढचे आठ दिवस ते स्वतःच्या बायकोला 'वहिनी' म्हणत होते. बायको माहेरी गेली ती दिवाळीलाच परत आली. हणमंतरावांना खरंच भ्रम झाला होता की बायकोशी आधीचंच काही बिनसलं होतं, याचा शोध कुणी घेतला नाही. घराण्याने त्यातून एकच धडा घेतला: नशेतल्या माणसाला हाक मारून उठवायचं नाही. असर उतरू द्यायचा. आपोआप जाग आली तर माणूस जागच्या जागी परत येतं, नाहीतर अर्धं तिकडेच राहतं.

पुढची पंचवीस-तीस वर्षं मुलांना चयापचय आणि मज्जासंस्था शिकवूनही रेणुकादासरावांचा हा धडा पुसला गेला नव्हता. ते पाय न वाजवता बाहेर आले आणि त्यांनी गंधारला हलवलं. गंधार हा धाकटा मुलगा, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासला केमिस्ट्री शिकवतो.

"उठ. हळू बोल. आईला भांग चढलीय."

"काय?" गंधार ताडकन उठून बसला. "आईला? कुणी दिली?"

"ते नंतर. आधी मला सांग, पाइप कुठं असतो?"

गंधारला पाइप माहीत नव्हता. शेवटी राजश्रीनेच तो गच्चीच्या जिन्याखालून काढून दिला. तोटी कुठल्या बाजूला फिरवायची, यावर बापलेकांत मतभेद झाले. पहिलं गढूळ पाणी हौदात गेलं आणि नितळ पाणी जास्वंदीला.

सौदामिनीबाई उठल्या तेव्हा अंगभर एक अनोळखी हलकेपणा होता. बाहेर आल्या तर दोघंही ओलेचिंब, आणि टेबलावर चहाचा कप त्यांच्यासाठी तयार. चहात साखर नव्हती, पण कप होता.

"बस," रेणुकादासराव म्हणाले. आवाज लोण्यासारखा. "घाई नको करू. बरं वाटतंय का? आता मला एक सांग, माझं नाव काय?"

सौदामिनीबाई बघतच राहिल्या. "सकाळी सकाळी उखाणा घ्यायला लावून राहिले का काय मला?"

"नाव घे म्हणतोय ना!"

"अहो, लेकासमोर? चाळीस वर्षं नाही घेतलं आणि आता—"

रेणुकादासरावांनी गंधारकडे बघितलं. गंधार म्हणाला, "आठवत नसेल." मग त्याने आईसमोर बोटं नाचवून विचारलं, "आई, ही किती?"

"अरे, तुझ्या बोटाला चिखल केवढा लागलाय! आणि हौदाचं झाकण कोण उघडं ठेवून राहिलं ते? पाल पडली म्हणजे?"

ते ऐकून रेणुकादासरावांचा जीव भांड्यात पडला. अर्धी तिकडे राहिली नव्हती.

ट्यूब आली होती ती लातूरहूनच. थोरली लेक देविका पुण्यात नोकरीला. लग्नाला आली होती. आईला कार्यालयाचा जिना एकेक पायरी धरून उतरताना बघितलं आणि पर्समधून ट्यूब काढून हातात दिली. "झोपताना गुडघ्याला चोळ. भांगेच्या पानाचा अर्क आहे. घाबरू नकोस, लावायची आहे, प्यायची नाही." सौदामिनीबाईंनी ती पदराआड ठेवली होती. नवऱ्याला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि सांगितल्यावर ऐकून घ्यावं लागेल असं बरंच होतं.

ते आता ऐकावं लागलं. देविकाला फोन लावून स्पीकरवर टाकलं गेलं.

"बाबा, कातडीला लावलेलं डोक्यात जात नाही," देविका म्हणाली. "आई दमली होती. झोपली. एवढंच."

"तुझी आई दमत नसते," रेणुकादासराव म्हणाले. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं.

गंधारने मधे तोंड घातलं. "ताई, कातडीला छिद्रं असतात. तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. मॉलिक्यूल फॅटमधे विरघळणारा असतो."

"मग तू डोक्याला तेल लावतोस ते मेंदूत का जात नाही रे? गेलं असतं तर बरं झालं असतं."

भांडण रंगलं. सौदामिनीबाई मधल्या मधे गुडघा दाबून बघत होत्या. ठणका खरंच थोडा कमी होता. त्या एवढंच म्हणाल्या, "मला गुण वाटतोय. मी लावणार."

त्यांची 'मी'ने सुरू होणारी वाक्यं घरात फारशी होत नसत, त्यामुळे विरोध कसा करायचा याची कुणाला सवय नव्हती. शेवटी असं ठरलं की क्रीम लावायला हरकत नाही, परंतु असर आहे तोवर त्यांना कुणी उठवायचं नाही. घराण्याचा अनुभव होता. पाण्याचं बापलेकांनी बघायचं. "तात्पुरतं," रेणुकादासराव म्हणाले.

मग सौदामिनीबाईंच्या आयुष्यात एक असा काळ आला की जो त्यांना आधी फक्त बाळंतपणात, आणि तोही माहेरीच, मिळाला होता. रात्री जेवणं झाली की त्या दिवाणावर बसून सगळ्यांसमोर गुडघ्याला क्रीम चोळत. कापराचा आणि गवती चहाचा मंद वास सुटे. वास सुटला की घर दबक्या पावलाने चालायला लागे. टीव्हीचा आवाज कमी होई. रेणुकादासराव खोकला आला तर गॅलरीत जाऊन खोकत. पहाटे नळ येई. रेणुकादासरावांचे डोळे उघडत, ओठही उघडत, पण हाक येत नसे. ते गुपचूप उठून गंधारला उठवत आणि दोघं चोरासारखे बाहेर जात. घागर घागरीवर आपटली की "श्श!" असा आवाज येई. सौदामिनीबाईंना तो 'श्श' कधी कधी झोपेत ऐकू येई, आणि पहाटेच्या सगळ्या आवाजांत तोच त्यांना सगळ्यात गोड वाटे.

महिनाभरात चेहरा पालटला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं निवळली. बी.ए.ला असताना वाचायची राहिलेली पुस्तकं त्यांनी वाचनालयातून आणवली आणि दुपारी ती वाचताना त्यांना डुलकी लागेना. भाजीत मीठ दोनदा पडायचं बंद झालं. दूध उतू जाणं थांबलं. रागसुद्धा जरा उशिराने यायला लागला, आणि आलाच तर मुद्द्याचा.

कॉलनीत अर्थात दुसरंच पसरलं. राजश्री दुपारी वाळवण राखायला गच्चीत यायची, तिने एकदा विचारलंच.

"काकू, खरं सांगा. ती गांज्याची क्रीम तोंडाला बी लावता का?"

"गांज्याची नाही गं बाई. आणि गुडघ्याला लावते."

"मग तोंड कसं काय एवढं उजळलं? लई फरक हाय. माझ्या सासूबाईंना पायजे म्हणून राहिल्या. झोपच न्हाई त्यान्ला."

"त्यांना रात्री कुणी उठवतं का?"

"त्यान्ला कोण उठवतंय! त्याच उठवतात सगळ्यान्ला." राजश्री हसली, आणि मग जरा थांबून म्हणाली, "पाण्याला तर मीच उठते."

 सौदामिनीबाईंच्या हातातली पापडाची लाटी उन्हात तशीच राहिली.

त्याच सुमारास ट्यूब संपली. तळापासून गुंडाळत आणली, लाटण्याने दाबली, तरी थेंब निघेना. त्या रात्री दिवाणावर बसून सौदामिनीबाईंनी झाकण उघडलं, कोरडंच बोट फिरवलं, गुडघा चोळला आणि मनाशी म्हटलं, आज काही झोप यायची नाही. टीव्हीचा आवाज कमी झाला. खोकला गॅलरीत गेला. आणि सौदामिनीबाईंना अशी गाढ झोप लागली की सकाळी उठल्यावर आधी त्यांना आनंद झाला, मग नवल वाटलं, आणि चहाचा दुसरा घोट घेताना सगळा उलगडा झाला.

क्रीमने गुडघ्याला काय केलं असेल ते असो. झोप मात्र ट्यूबमधे नव्हतीच. ती न मारलेल्या हाकेत होती.

हे कळल्यावर सरळ माणसाने घरात सांगून टाकलं असतं. सौदामिनीबाई सरळच होत्या, पण खुळ्या नव्हत्या. क्रीमने झोप येत नाही म्हटलं की नशा नाही. नशा नाही म्हटलं की उठवायला हरकत नाही. हा हिशेब त्यांना रेणुकादासरावांच्या आवाजात ऐकू आला. देविकाला सांगून दुसरी ट्यूब मागवावी, तर देविका तेच सगळ्यांना पुन्हा समजावून सांगणार. तेव्हा त्या रोज रात्री दिवाणावर बसून रिकाम्या ट्यूबचं झाकण उघडत, बोट फिरवत, आणि गुडघा मनापासून चोळत. वास येत नव्हता हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बायका रोज काय करतात याकडे घरात कोण एवढं नाकपुड्या फुगवून बघतं!

पण पहाट ज्याची मोडते तोच पहाटेचा विचार करतो. आता रेणुकादासरावांच्या डोळ्यांखाली वर्तुळं आली. एकदा खड्ड्यात वाकताना कंबर धरली. भजनी मंडळात ते अध्यक्ष. तिथे पेटी चालू असताना त्यांची मान तबल्यावर गेली. कुणीतरी हळूच म्हणालं, "सरसुद्धा लावतात की काय ती क्रीम?" हे त्यांना झोंबलं.

"बास झालं आता," त्या संध्याकाळी ते म्हणाले. "हे व्यसन आहे. रोज लावल्याशिवाय तुला झोप येत नाही. दवाखान्यात जाऊ, विचारू, सोक्षमोक्ष लावू."

"खामखा कशाला डॉक्टरांचा वेळ," सौदामिनीबाई म्हणाल्या. आणि रिकामी ट्यूब आपल्या पर्समधे सरकवली.

डॉक्टर सुकन्या ही रेणुकादासरावांच्या शाळेची जुनी विद्यार्थिनी. आता कातडीच्या रोगांची डॉक्टर, रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला दवाखाना. सरांना बघून ती खुर्चीतून उठली, तशी रेणुकादासरावांची पाठ आपोआप ताठ झाली. त्यांनी केस मांडली: गुडघेदुखी, भांगेची क्रीम, गाढ झोप, नशा, हणमंतराव. हणमंतरावांचं सगळं सांगितलं, थंडाईसकट.

सुकन्याने हसू दाबलं. "सर, हणमंतकाकांनी भांग प्यायली होती. काकूंनी गुडघ्याला लावलीय. यात फार अंतर आहे. कातडी म्हणजे भिंत असते, सर. गुडघ्यावर लावलेल्या असल्या क्रीममधलं अगदी थोडं आत जातं आणि ते तिथल्या तिथेच राहतं. डोक्याला गुंगी यावी एवढं रक्तात उतरत नाही."

"म्हणजे बिलकुल नाही?" रेणुकादासराव पुढे झुकले.

"बिलकुल असं छातीठोक मी कशालाच म्हणत नाही. यावर अभ्यास अजून थोडेच झालेत. फुटलेल्या कातडीवर, जखमेवर लावू नये. अंगभर थापू नये. औषध मुद्दाम रक्तात जावं म्हणून चिकटपट्ट्या करतात, त्यांची गोष्ट वेगळी. आणि ट्यूबवर लिहिलंय तेच आत असेल असंही नसतं. पण गुडघ्याला बोटभर क्रीम लावून कुणी सकाळपर्यंत नशेत पडत नाही. दुखणं कमी झालं तर झोप जरा बरी लागते, एवढं होऊ शकतं." मग ती सौदामिनीबाईंकडे वळली. "काकू, सर्दीची, खाजेची एखादी गोळी चालू आहे का? त्याने गुंगी येते."

"नाही."

"झोपेची?"

"कधीच नाही."

"क्रीम दिवसातून किती वेळा लावता?"

प्रश्न साधाच होता. रेणुकादासराव बघत होते. सौदामिनीबाईंनी पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. ती मेथीच्या पराठ्यासारखी चपटी झालेली होती. सुकन्याने उचलली, दाबली, प्रकाशात धरली.

"ही तर रिकामी आहे."

"हो. बरेच दिवस झाले."

"बरेच दिवस?" रेणुकादासराव ओरडले. "अगं, मग रोज रात्री काय लावून राहिली होतीस?"

"काही नाही. नुसतं बोट फिरवत होते."

 रेणुकादासरावांचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू उजळत गेला. वर्गातल्या ढ मुलाने अचानक बरोबर उत्तर दिलं की तो असाच उजळत असे.

"म्हणजे नशा नव्हतीच!" ते म्हणाले. "डॉक्टर, म्हणजे तिला काही झालेलंच नाही!"

"काही नाही, सर. काकू ठणठणीत आहेत."

"वा! मोठ्ठं ओझं उतरलं बघ. मी खामखा फिकीर करून राहिलो होतो." ते समाधानाने मागे टेकले. आणि मग, सौदामिनीबाईंना जे आधीच ऐकू आलं होतं, ते त्यांच्याच आवाजात, शब्दाला शब्द जुळून आलं. "मग उद्यापासून उठवायला हरकत नाही. गंधारचीही सुटका झाली, पोराचा क्लास असतो सकाळचा."

सुकन्याने सरांकडे बघितलं, मग काकूंकडे. हातातलं पेन तिने टोपण न लावता तसंच धरलं. "कशाला उठवायला, सर?"

"पाण्याला. नळ आला की."

"कोण उठतं पाण्याला?"

"हीच उठायची की आधी. मी हाक मारतो." हे त्यांनी आपली बाजू सांगावी तसं सांगितलं.

 शाळेत सरांनी सुकन्याला बाकावर उभं केलं होतं की काय कोण जाणे. ते फेडायची ही वेळ तिने सोडून दिली. कागद पुढे ओढला आणि म्हणाली, "काकू, गुडघ्याचा एक्सरे काढून घेऊ. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम लिहून देते. वाकून, उकिडवं बसून काम शक्यतो नको. आणि क्रीम पुन्हा हवी असेल तर चांगली बघून सुचवते. काय देऊ? काय हवंय तुम्हाला?"

एवढा सरळ प्रश्न त्यांना फार दिवसांत कुणी केला नव्हता. सौदामिनीबाईंनी रिकामी ट्यूब परत घेतली, झाकण घट्ट लावलं आणि खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग त्या डॉक्टरकडे न बघता नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. भाजीत काय घालू विचारावं तसा होता.

"क्रीम राहू द्या. मला एकच हवंय. नळ आला की मला हाक मारू नका."